क्षुधापरिहाराचे व्रत : श्रीरामलिंग स्वामी

तामिळ देशात ‘वळ्ळलार’ म्हणजे उदार दाता या नावाने विख्यात झालेले रामलिंग स्वामी १८२३ साली चिदंबरमजवळील मरुदूर येथे जन्मले. भुकेलेला जीव पाहून त्यांचे अंतःकरण व्याकूळ होई. त्या व्याकुळतेस त्यांनी कृतीची जोड दिली. २३ मे १८६७ रोजी वडलूर येथे धर्मशाळा स्थापून त्यांनी चूल पेटविली. ग्रामस्थांनी त्याकरिता भूमी दिली. जातिभेद न पाहता आल्यागेल्यास तेथे अन्न मिळू लागले. जीवकारुण्य हेच मोक्षाचे साधन, अशी त्यांची शिकवण होती. १८७४ साली मेट्टुकुप्पम येथे ते अंतर्धान पावले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. ती चूल मात्र आजही तेवत आहे. मनातील कणव लवकर ओसरते. तिची नित्य व्यवस्था लावणे, हेच या चरित्राचे सार होय.