टायटॅनिकवरचा दुसरा जॅक

'टायटॅनिक' म्हटलं की तुम्हाला सिनेमातला जॅक आठवतो ना? आता वायरलेस ऑपरेटर जॅक फिलिप्सला भेटा. इंग्लंडमध्ये पोस्टात तारा पाठवायला शिकलेला हा मुलगा ११ एप्रिल १९१२ला जहाजावरच २५ वर्षांचा झाला. दोनच दिवसांत सेट बंद पडला. नियम मोडून त्यानं आणि जोडीदार हॅरोल्ड ब्राइडनं तो रात्रभर खपून दुरुस्त केला. नशीबच म्हणा! पण १४च्या रात्री, प्रवाशांच्या तारांचा ढीग उपसताना, 'कॅलिफोर्नियन' जहाज बर्फाबद्दल सांगत होतं तर त्यानं त्याला गप्प केलं. तिथला ऑपरेटर थोड्या वेळानं सेट बंद करून झोपला. मग हिमनग. आधी सीक्यूडी, नंतर एसओएस, सोबत टायटॅनिकचं कॉल साइन एमजीवाय. कप्तानानं मोकळं केल्यावरही जॅक हाका देतच राहिला. 'कार्पेथिया'नं त्या ऐकल्या, ७००वर माणसं उचलली. त्यात ब्राइड होता. जॅक सापडलाच नाही.