बिशप म्यूरिन आणि कर्णबधिरांची पहिली शाळा

भाईंदरच्या फलाटावर चर्चगेट लोकलची वाट पाहताना कधी कधी हातांनी रंगलेल्या गप्पा नजरेस पडतात. आसपासचे प्रवासी क्षणभर कुतूहलाने पाहतात आणि गाडी येताच विसरून जातात. ऐकू न येणारे मूल शिकू शकते, हा विश्वास एकेकाळी आपल्या समाजात नव्हता. त्या विश्वासाला मुंबईत शाळेचे रूप दिले, ते बिशप लिओ म्यूरिन यांनी.

म्यूरिन यांचा जन्म १८२५ मध्ये बर्लिन येथे झाला. धर्मगुरू झाल्यावर ते जेझुइट संघात दाखल झाले आणि १८५८ मध्ये मुंबईस आले. १८६७ मध्ये विरारहून मुंबईपर्यंत रेल्वे धावू लागली; त्याच वर्षी मुंबईच्या कॅथलिक समाजाच्या प्रमुखपदाची धुरा त्यांच्याकडे आली. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा आरंभ १८६९ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत झाला. मात्र त्यांचे वेगळेपण दिसले ते १८८०च्या दशकाच्या मध्यावर. कर्णबधिर मुलांसाठी त्यांनी मुंबईत शाळा स्थापन केली. भारतातील या प्रकारची ही पहिली संस्था मानली जाते. पुढे माझगाव ही तिची ओळख झाली.

या घटनेचे मोल समजण्यासाठी तो काळ आठवावा लागतो. जन्मतः मूकबधिर असलेल्या व्यक्तीला हिंदू धर्मशास्त्राच्या आधारे न्यायालये वारसाहक्क नाकारीत असत. ही अपात्रता १९२८च्या कायद्याने दूर झाली. ज्यांना वडिलांच्या घरावरही हक्क नव्हता, त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल देणे हे नुसते दयेचे कृत्य नव्हते. त्यांना माणूस म्हणून मिळालेली ती मान्यता होती.

शाळा जेमतेम उभी राहत असतानाच म्यूरिन यांनी मुंबई सोडली. पुढे मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे त्यांनी धर्मकार्य केले आणि तेथेच १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळेचा विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पण वाट खुली झाली होती. १८९३ मध्ये कोलकात्यातही अशी शाळा सुरू झाली.

शिक्षणाचा हक्क मिळाला, तरी स्वतःच्या भाषेत शिकण्याचा हक्क दूरच राहिला. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने हातांच्या खुणांऐवजी केवळ वाचेवर भर देण्याचा ठराव केला होता. त्याची छाया पुढे अनेक दशके भारतातील शाळांवरही राहिली. मुलांच्या हातांना वर्गात मज्जाव झाला. भाषा मात्र वसतिगृहात आणि मित्रांच्या मेळ्यात जिवंत राहिली. मिलानच्या त्या ठरावाबद्दल २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत खेद व्यक्त झाला. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेची दखल घेतली.

म्यूरिन यांनी शाळेचे दार उघडले; त्या दाराआड मुलांची भाषा पोहोचण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. फलाटावरच्या त्या गप्पांकडे पाहताना या दोन्ही गोष्टींचे स्मरण ठेवायला हवे.