बळवंतरावांचे कॉलेजातील पहिले वर्ष

इ. स. १८७३ साली बळवंतराव टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. आदल्याच वर्षी त्यांचे वडील गंगाधरपंत निवर्तले होते. मातेचे छत्र तर बालपणीच हरपले होते. बळवंतरावांची बुद्धी तल्लख, पण शरीर अगदी कृश. सोबती त्यावरून त्यांची थट्टा करीत. तेव्हा त्यांनी एक विलक्षण निश्चय केला: हे वर्ष शरीर कमावण्यात घालवावयाचे!

मग काय विचारता! तालमीत जोर-बैठका, कुस्ती, नदीत मनसोक्त पोहणे, आणि त्याला साजेसा भरपूर आहार. वर्गाकडे मात्र दुर्लक्ष झाले. व्हावयाचे तेच झाले. वर्षअखेर ते परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पोरक्या विद्यार्थ्याला एक वर्ष गमावणे परवडणारे नव्हते, हे येथे विसरता कामा नये. तथापि त्यांनी त्याची खंत बाळगली नाही. आता ते अभ्यासाकडे वळले आणि १८७७ साली बी. ए. च्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

पुढे १९०८ ते १९१४ या काळात त्यांना मंडालेचा कारावास भोगावा लागला. मधुमेहाने ग्रासले असतानाही, तरुणपणी कमावलेल्या त्या शरीरानेच त्यांना तेथे साथ दिली.