न्यायमूर्ती रानडे : सर्वांचा रोष सोसणारे उपासक

साधकहो, महादेव गोविंद रानडे हे नाव आपण शाळेत समाजसुधारक म्हणून पाठ केले. ते न्यायाधीश होते, मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते, इतिहास आणि अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. त्यांच्या उपासनेबद्दल मात्र आपल्याला फारसे कोणी सांगत नाही.

१८४२ साली निफाडला त्यांचा जन्म झाला. कोल्हापूर व मुंबईत शिक्षण झाल्यावर ते प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ बनले. एकच ईश्वर, मूर्तीवाचून उपासना आणि संतांचे अभंग, असा तो मार्ग. पहाटे तुकोबांचे अभंग म्हणण्याचा त्यांचा नेम होता.

आता अवघड भाग. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ साली पत्नी वारली, तेव्हा ते स्वतः विधवेशी विवाह करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांना वडिलांचा शब्द मोडवला नाही. खूप टीका झाली, आणि ती योग्यच होती असे मला वाटते. पण पुढचेही वाचा. घरातल्या बायकांचा विरोध असताना त्यांनी त्या मुलीला आधी मराठी, मग इंग्रजी शिकवले. त्याच रमाबाई रानडे. पुण्याच्या सेवासदनाची धुरा पुढे त्यांनी वाहिली.

सरकारही त्यांच्याकडे संशयाने पाही. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत त्यांची धुळ्याला बदली झाली.

मग १८९० चे पंचहौद मिशनमधले चहापान. मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याचा ठपका पुण्यातल्या अनेकांवर आला. (एका कप चहावर धर्मसभा बसली, हे आज हसू आणणारे वाटते; तेव्हा घरेदारे वाळीत पडत होती.) अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांचे त्याने समाधान झाले नाही आणि सुधारक उलट दुखावले.

पुढच्याच वर्षी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली आला. त्यात एक पूर्ण प्रकरण संतांना दिले आहे. स्वराज्याची जमीन संतांनी आधी नांगरली, असे त्यांचे म्हणणे होते. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.