डॉ. आनंदीबाईंचा परदेशातील जमाखर्च

परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आज अनेक घरांत चर्चेला येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरच्या जोशी घराण्याच्या सुनेपुढे तो १८८३ मध्येच उभा राहिला होता. या सूनबाई म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. माहेरचे नाव यमुना, घर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरीला असलेल्या, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या गोपाळरावांशी झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत दगावले. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. आपण डॉक्टर व्हायचे, हा निश्चय तिथूनच पक्का झाला.

गोपाळरावांनी अमेरिकेतील मिशनऱ्यांकडे मदतीसाठी पत्रव्यवहार केला. धर्मांतर केले तर मदत होईल, असे उत्तर आले. ते दोघांनाही मान्य नव्हते. मात्र हा पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापून आला आणि तो वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आपणहून पत्र लिहिले. त्यांच्या घरी राहण्याची सोय झाली. आनंदीबाई त्यांना मावशी मानत.

तेव्हा जोशी दांपत्य श्रीरामपुरात होते. आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे, कोलकात्याजवळच्या. तिथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर हितचिंतकांकडून वर्गणी आली, अंगावरचे दागिनेही विकले गेले. ७ एप्रिलला त्या बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाने त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही. त्या काळी एका डॉलरला सुमारे अडीच रुपये पडत, म्हणजे ही रक्कम दीड हजार रुपयांच्या घरात जात होती. शिवाय आपला रुपया चांदीचा होता आणि चांदीचा भाव वर्षागणिक उतरत होता. त्यामुळे घरून तेवढेच रुपये पाठवले तरी तिकडे हातात पडणारे डॉलर कमी होत.

शिष्यवृत्तीने शिक्षणाचा प्रश्न सुटला. पण ऊब आणि आहार यांचा भार शरीरावरच पडला. सुरुवातीला मिळालेल्या खोलीतली शेगडी इतका धूर करी, की धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड उरे. अंगावर लुगडे, आहार शाकाहारी आणि स्वयंपाक स्वतःच्या हाताने. डीन रेचल बॉडली यांनी त्यांची आपुलकीने काळजी घेतली, तरी प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने त्यांना गाठले.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. पण नोव्हेंबरमध्ये मायदेशी उतरल्या त्या रुग्ण म्हणूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांचे स्मारक आहे.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. आनंदीबाईंना संसर्ग नेमका कुठे झाला, हे ठरवता येत नाही. मात्र अपुरा आहार, कोंदट खोली आणि घरातला धूर यांनी क्षयाचा धोका वाढतो, हे आज निश्चित झाले आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसा पोषक आहार दिल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. सरकार क्षयरुग्णांना उपचारकाळात आहारासाठी दरमहा १,००० रुपये देते, त्यामागे हेच शास्त्र आहे.

आज परदेशी जाणाऱ्या मुलांच्या अंदाजपत्रकात शुल्क आणि विमानभाडे अचूक मांडलेले असते. काटकसर सुरू होते ती खोली, जेवण आणि गरम कपडे यांत. आरोग्यविम्याचा हप्ताही जड वाटू लागतो. कर्जाचा आकडा ठरवतानाच हे खर्च धरावेत. दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटणारे वजन दिसले, तर पैशांकडे पाहून तपासणी लांबवू नये. आनंदीबाईंच्या वेळी क्षयावर औषधच नव्हते. आज वेळेत निदान होऊन औषधे पूर्ण घेतली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.