रेडियमची किंमत कोणी मोजली?

शोध लावणाऱ्यांची नावे इतिहासात कोरली जातात. त्या शोधापायी ज्यांची हाडे पोखरली गेली, त्यांची आठवण मात्र कोणी ठेवत नाही. मादाम मेरी क्युरी यांचे जीवन वाचताना या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवल्या पाहिजेत.

७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे त्यांचा जन्म झाला. पोलंड तेव्हा रशियाच्या टाचेखाली होता आणि स्त्री म्हणून विद्यापीठाची दारे त्यांना बंद होती. त्या चोरून भरणाऱ्या वर्गांत शिकल्या, श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून बहिणीच्या शिक्षणाला पैसा पुरवला आणि १८९१ साली स्वतः पॅरिसला पोहोचल्या. १८९८ मध्ये पती पिएर यांच्यासोबत त्यांनी पोलोनियम व रेडियमचा शोध लावला. गळक्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून १९०२ मध्ये हाती आले अवघे दशांश ग्रॅम रेडियम क्लोराईड! पुढे दोन नोबेल मिळाले. पण त्यांतले पहिले मिळालेले असूनही १९११ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारले.

किरणोत्साराचा धोका लवकरच दिसू लागला होता. पिएर यांच्या दंडावर रेडियमने जखम झाली. १९०४ मध्ये त्यांनी दोन डॉक्टरांसह केलेल्या प्रयोगात रेडियममधून निघणाऱ्या वायूने उंदीर व गिनीपिग मेले. रेडियम शरीरात गेले की कॅल्शियमसारखे हाडांत जाऊन बसते आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर वर्षानुवर्षे मारा करते.

हे माहीत होऊ लागले, तरी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींना रेडियमचा ब्रश ओठांनी टोकदार करायला शिकवले जात होते. त्यांचे जबडे सडले, अनेकींचा जीव गेला. मालकांनी दोष दुसऱ्याच आजारांवर ढकलला. अखेर पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये कंपनीला भरपाई द्यावी लागली.

मादाम क्युरी यांनी पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी क्ष-किरणांच्या गाड्या चालवल्या, त्याही पुरेशा संरक्षणाविना. ४ जुलै १९३४ रोजी मज्जा निकामी होऊन त्यांचे निधन झाले. कन्या इरेन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मेरी यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत.

मादाम क्युरींनी धोका ज्ञानासाठी पत्करला. कारखान्यातील मुलींवर तो नफ्यासाठी लादला गेला. हा फरक विसरता कामा नये. आपण कशाला हात लावतो आहोत, हे जाणण्याचा हक्क प्रत्येक कामगाराचा आहे. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, हेच त्या पाच जणींनी जगाला शिकवले.