जेम्स जूल: बिअरच्या कारखान्यातला मुलगा आणि तुमच्या मायनिंग रिगचं लाईट बिल

अकोल्यात जठारपेठेत माझ्या एका मित्राच्या घरी वरच्या मजल्यावर छोटी खोली आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यानं तिथे क्रिप्टो मायनिंगचा सेटअप लावला. नवीन पॉवर सप्लाय महाग पडतो, म्हणून जुन्या सर्व्हरमधून काढलेले दोन सप्लाय मागवले. प्रत्येकावर 12 व्होल्ट, 100 अँपिअर, म्हणजे 1200 वॅट असं छापलेलं. सौदा स्वस्तात पटला म्हणून भाऊ खुश.

चौथ्या दिवशी एका कनेक्टरचं प्लास्टिक वितळलं. महिना संपल्यावर लाईट बिल आलं आणि त्याच्या बाबांनी त्या खोलीचा मेन स्विचच बंद केला. सेकंडहँड माल खराब निघाला, असं मित्राचं मत झालं. मी जाऊन मीटरनं तपासलं तर दोन्ही सप्लाय ठणठणीत होते. कनेक्टर वितळला तो एका नियमाप्रमाणे, आणि बिल वाढलं तेही एका हिशोबाप्रमाणे. दोन्ही गोष्टी पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एकाच तरुणानं कागदावर मांडून ठेवल्या आहेत. त्याचं नाव जेम्स प्रेस्कॉट जूल. शाळेत ऊर्जेचं एकक म्हणून आपण हे नाव पाठ करतो. आज त्या नावामागचा माणूस बघू.

आधी थोडक्यात: हे सप्लाय स्वस्त का मिळतात?

डेटा सेंटरमधले सर्व्हर काही वर्षांनी बदलले जातात. एका सर्व्हरमध्ये सहसा दोन सप्लाय असतात, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा काम चालू ठेवतो. दोघं भार वाटून घेत असल्यामुळे प्रत्येकाची अर्धी ताकदही रोज वापरली जात नाही. त्यामुळे सर्व्हर भंगारात निघाला तरी सप्लायमध्ये बराच जीव उरलेला असतो. त्याची कार्यक्षमताही चांगली असते. चांगल्या सप्लायमध्ये ती 94 टक्क्यांच्या आसपास जाते.

अडचण एकच. हा सप्लाय सर्व्हरमध्ये सरकवून बसवायला बनवलेला असतो, त्याला नेहमीच्या वायरी नसतात. म्हणून मागे ब्रेकआउट बोर्ड नावाचं एक सर्किट लावतात. ते सप्लायला चालू होण्याचा सिग्नल देतं आणि 12 व्होल्ट अनेक सॉकेटांत वाटून देतं. खरी गडबड या सॉकेटांपासून पुढे सुरू होते. आणि तिथेच आपल्याला जूल भेटतो.

घरीच शिकलेला मुलगा

जूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 चा. गाव सॅलफर्ड, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला अगदी लागून. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. आपल्या वऱ्हाडाचा आणि त्याचा संबंध जुना आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडून येणारा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या भागातल्या गिरण्यांनी भारतातला, त्यात वऱ्हाडातलाही, कापूस उचलला. 1867 पर्यंत रेल्वेही वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली होती.

जूलच्या घरचा धंदा मात्र कापसाचा नव्हता. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. लहानपणी जेम्सच्या पाठीच्या कण्याला त्रास होता, तब्येत नाजूक, म्हणून त्याचं शिक्षण घरीच झालं. 1834 साली वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला जॉन डाल्टनकडे शिकायला पाठवलं. हा तोच डाल्टन, ज्याचा अणुसिद्धांत आपण आठवी-नववीत शिकलो. गणितापासून सुरुवात झाली. डाल्टनला 1837 साली पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. जूल पुढे कुठल्याही विद्यापीठात शिकला नाही आणि कधी प्राध्यापकही झाला नाही. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असं त्याचं आयुष्य सुरू झालं.

मोटर परवडेल का?

त्या काळात विजेची मोटर म्हणजे आजच्या क्रिप्टोसारखी गोष्ट होती. सगळीकडे चर्चा आणि स्वप्नं मोठी. वाफेचं इंजिन जाणार, बॅटरीवरची मोटर येणार, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. तरुण जूललाही वाटलं. विशीत येण्याआधीच, 1838 साली, त्यानं स्वतः बनवलेल्या मोटरवर लेख छापला.

मग त्यानं ते केलं जे माझ्या मित्रानं केलं नव्हतं. पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. बॅटरीत जस्त खर्च होतं, वाफेच्या इंजिनात कोळसा. एक पौंड जस्त जाळून किती काम होतं आणि एक पौंड कोळशात किती? 1841 मध्ये त्याचं उत्तर आलं. त्या वेळच्या चांगल्या बॅटरीत एक पौंड जस्त फार तर 3,31,400 पौंड वजन एक फूट उचलेल. कॉर्नवॉलच्या खाणींवरची उत्तम वाफेची इंजिनं एक पौंड कोळशात 15 लाख पौंड वजन एक फूट उचलत होती. म्हणजे कोळसा साडेचार पट पुढे, आणि वर जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग.

आपण तीन-चार वर्षं ज्याच्या मागे लागलो ते परवडत नाही, हे त्यानं लपवलं नाही. आकड्यांसकट जाहीर केलं.

पुढे डायनॅमो आले, वीज बॅटरीशिवाय बनू लागली आणि मोटर जिंकली. जूलचा हिशोब चुकला नव्हता, भाव बदलले होते. मायनिंगमध्येही असंच होतं, फक्त बहुतेक वेळा उलट्या दिशेनं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमनं मायनिंगची पद्धतच बंद केली आणि एका दिवसात ग्राफिक्स कार्डांच्या असंख्य रिग्जना काम उरलं नाही. म्हणून हा हिशोब भाव हलला की पुन्हा करायचा असतो.

वितळलेल्या कनेक्टरचा नियम

मोटरवर काम करताना जूलच्या लक्षात आलं की तारा गरम होतात. सगळ्यांनाच ते दिसत होतं. त्यानं मोजलं. तारेचं वेटोळं पाण्यात ठेवायचं, वीज सोडायची आणि पाणी किती तापलं ते थर्मामीटरवर बघायचं. डिसेंबर 1840 मध्ये, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, त्यानं नियम मांडला: तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात.

वर्ग हा शब्द महत्त्वाचा आहे. एका थोड्या सैल कनेक्टरचा रोध 0.01 ओहम धरू. त्यातून 10 अँपिअर गेले तर 1 वॅट उष्णता. 20 अँपिअर गेले तर 2 नाही, 4 वॅट. 30 गेले तर 9 वॅट. शेंगदाण्याएवढ्या जागेत सतत 9 वॅट म्हणजे प्लास्टिक मऊ पडणारच. माझ्या मित्रानं एक केबल वाचवायला स्प्लिटर लावून दोघांचा भार एकाच सॉकेटवर टाकला होता. दोन केबल वापरल्या असत्या तर करंट निम्मा झाला असता आणि प्रत्येक कनेक्टरमधली उष्णता चौथ्या हिश्शावर आली असती.

सप्लायच्या दोन बाजूही बघा. 1200 वॅट द्यायला तो भिंतीतून 230 व्होल्टवर साधारण साडेपाच अँपिअर घेतो आणि 12 व्होल्टच्या बाजूला 100 अँपिअर सोडतो. करंट अठरा पट. तीच तार दोन्हीकडे वापरली तर 12 व्होल्टच्या बाजूला उष्णता सव्वातीनशे पट. म्हणून लांब वायर ठेवायची तर 230 व्होल्टच्या बाजूला. 12 व्होल्टची वायर आखूड आणि जाड हवी.

तुमच्या मोबाईलचा फास्ट चार्जरही हाच नियम पाळतो. 18 वॅट 5 व्होल्टवर पाठवायचे तर 3.6 अँपिअर लागतात. 9 व्होल्टवर फक्त 2. त्याच केबलमधली उष्णता एक तृतीयांशापेक्षा कमी होते.

उष्णता जाते कुठे?

जूल इथे थांबला नाही. मोटर, घर्षण, वीज, सगळीकडे शेवटी उष्णता निघते. मग काम आणि उष्णता यांचा काही ठरलेला भाव आहे का? 1843 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या परिषदेत त्यानं असा भाव आहे असं मांडलं. ऐकणारे गप्प राहिले. 1844 मध्ये रॉयल सोसायटीनं त्याचा एक निबंध परत पाठवला.

मग त्याचा प्रसिद्ध प्रयोग आला. पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांचं चाक, त्याला दोरी, दोरीला वजन. वजन खाली येतं, चाक फिरतं, पाणी घुसळलं जातं आणि अगदी किंचित तापतं. हा फरक इतका बारीक की अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. पण बिअर बनवणाऱ्याला तापमान अचूक मोजायची सवय लागते, आणि मँचेस्टरचा कारागीर जॉन डान्सर त्याच्यासाठी नाजूक थर्मामीटर बनवून देत होता. 1847 च्या एप्रिल महिन्यात जूलनं एका चर्चच्या वाचनालयात भाषण दिलं आणि ते शास्त्रीय मासिकात नाही, मँचेस्टरच्या वर्तमानपत्रात छापून आलं.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत एक तरुण नीट ऐकत होता. तो विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन. ऑगस्टमध्ये जूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं. नवरा-बायको आल्प्समध्ये फिरायला गेले तर तिथे योगायोगानं थॉमसन भेटला. मग धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी किती तापलं ते मोजायचा बेत ठरला. तुषारच इतके उडत होते की काही जमलं नाही. पण मैत्री टिकली, आणि दोघांनी पुढे वायूंवर जे काम केलं त्यावर हवा द्रवरूप करण्याचा उद्योग उभा राहिला.

1850 मध्ये जूलनं आपला आकडा नक्की केला: 772 पौंड वजन एक फूट खाली आलं की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापतं. त्याच वर्षी, ज्या रॉयल सोसायटीनं निबंध परत केला होता, तिनं त्याला सदस्य करून घेतलं.

शेवटची वर्षं

1854 मध्ये अमेलिया बाळंतपणानंतर गेली, बाळही वाचलं नाही. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. त्याच सुमारास कारखाना विकला गेला. लाजाळू स्वभावाचा जूल आणखी एकटा झाला, पण प्रयोग चालू ठेवले. त्यासाठी घरी बसवलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रारही केली. पैसे संपत आले तेव्हा 1878 मध्ये सरकारनं वर्षाला 200 पौंडांची पेन्शन दिली. त्याच वर्षी त्यानं आपला जुना आकडा पुन्हा मोजला: 772.55.

1889 मध्ये पॅरिसच्या वीज परिषदेनं ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला तो गेला. त्याच्या थडग्यावर 772.55 हा आकडा कोरलेला आहे.

जठारपेठेतला हिशोब

आता मित्राच्या खोलीत परत येऊ. पूर्ण भारावर एक सप्लाय भिंतीतून सुमारे 1,280 वॅट घेतो, म्हणजे सेकंदाला 1,280 जूल. मायनिंगची गणितं कितीही सुटोत, ही सगळी ऊर्जा शेवटी खोलीत उष्णता म्हणून उरते. जूलच्याच भावानं एक लिटर पाणी 30 अंशांवरून उकळायला एवढी उष्णता चार मिनिटांच्या आत पुरते. अकोल्याच्या मे महिन्यात, बाहेर 44-45 अंश असताना, बंद खोलीत हा चुलाच रात्रंदिवस चालू होता. आणि तसे दोन.

तुमच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. एका सप्लायला दिवसाला जवळपास 31 युनिट, महिन्याला 920. समजा युनिटला 10 रुपये धरले तर 9,200 रुपये. दोन सप्लायचे 18,400, कूलर वेगळा. शिवाय एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि त्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा करता येत नाही, म्हणजे लाईट बिलही नाही.

सेकंडहँड सप्लाय घेण्यात चूक नव्हती. उलट 85 टक्क्यांच्या स्वस्त नव्या सप्लायच्या जागी 94 टक्क्यांचा जुना लावला तर महिन्याला 95 च्या वर युनिट वाचतात. घ्यायचा असेल तर एवढं पाळा: प्रत्येक सप्लायला वेगळा 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग. स्प्लिटर नको. पहिल्या तासाभरानंतर मशीन बंद करून कनेक्टरला हात लावून बघा, चटका बसला तर भार कमी करा. आणि सप्लाय उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

माझ्या मित्रानं आम्ही एकत्र बसून केलेला हिशोब बाबांना दाखवला आणि मशीन विकून टाकलं. एक सप्लाय ठेवला. त्यावर तो आता एलईडी पट्ट्या आणि गाडीचे ऑडिओ सिस्टिम तपासतो, आखूड आणि जाड वायर लावून. बाबांनी मेन स्विच परत चालू केला आहे.